घोडीला मूठमाती



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही मजुरी, बोनस, कामाचे तास यांवर बोलू. कामगार संघटनेचा माणूस दुसरे काय बोलणार? पण आज आम्ही घोड्याच्या मरणावर बोलणार आहोत. घरी पाळलेला, घरच्यांचे पोट भरणारा घोडा दारात मरतो तेव्हा त्या घराचे काय होते, आणि त्या मुडद्याचे काय करायचे, हा आमचा विषय. तो आम्हांला कामगारांच्या प्रश्नापासून दूरचा वाटत नाही. तसे का, हे तासाभरात आपल्यापुढे मांडतो. पटले तर घ्यावे.

घोडा म्हटला की आपल्याला इतिहास आठवतो. मराठ्यांच्या फौजेत घोडेस्वारांचे दोन वर्ग असत, शिलेदार आणि बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई तो शिलेदार. सरकारच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या घोड्यावर बसे तो बारगीर. दोघे एकाच रणात लढत, वार दोघांनाही सारखेच बसत. पण मान वेगळा आणि मिळकतही वेगळी. आता शिलेदाराचा घोडा मेला आणि दुसरा घ्यायला गाठीला पैसा नसला, म्हणजे काय होई? तो बारगीर होई. कालपर्यंत जो आपल्या साधनाचा धनी होता, तो आज दुसऱ्याच्या साधनावर राबणारा झाला. मंडळी, अर्थशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ आम्ही फार उशिरा आणि अडखळत वाचले. पण मालक आणि मजूर यांमधला फरक आम्हांला या दोन शब्दांनी जितका स्पष्ट झाला, तितका कोणत्याही ग्रंथाने झाला नाही.

इतिहासात घोड्यांच्या समाध्याही आहेत. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमच्या काठी सिकंदराचा ब्यूसेफलस मेला, तर त्याच्या नावाने सिकंदराने नगर वसवले. १५७६ च्या हळदीघाटच्या लढाईत राणा प्रतापाला वाचवणाऱ्या चेतकाची समाधी तिथे जाणाऱ्यांना आजही दाखवतात. इंग्रजांच्या वेलिंग्टनने वॉटर्लूच्या लढाईत वापरलेला कोपनहेगन हा घोडा १८३६ साली मेला. तो लष्करी इतमामाने पुरला गेला आणि त्याची कबर जपली गेली. हाच वेलिंग्टन त्याआधी २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या आजच्या जालना जिल्ह्यातील असईला लढला होता. तिथे त्याच्या मांडीखाली एक घोडा मारला गेला आणि दुसरा जखमी झाला. त्या रणात दोन्ही बाजूंची जी जनावरे पडली, त्यांची कबर मात्र कोणी बांधली नाही. तात्पर्य, समाधी घोड्याची दिसली तरी ती असते धन्याचीच. धनी मोठा तर घोडा मोठा.

मग गरिबाच्या घोड्याचे स्मारक कुठे आहे? ते आमच्या भागात आहे. पश्चिम खानदेशात आणि शेजारच्या दक्षिण गुजरातेत आदिवासी बांधव देवाच्या ठिकाणी मातीचे घोडे वाहतात. रानात एखाद्या झाडाखाली भाजलेल्या मातीचे हे छोटे घोडे ओळीने उभे दिसतात. ज्याला जिवंत घोडा कधी परवडला नाही, त्याने देवाला मातीचा दिला. आम्हांला ते घोडे पाहिले की वाटते, नगर वसवणाऱ्या सिकंदरापेक्षा या माणसांनी घोड्याचा मान काही कमी केलेला नाही.

आता कामाच्या घोड्याकडे वळू. मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. विजेची ट्राम यायला १९०७ साल उजाडले. मधली तीस वर्षे मुंबईकरांना कामावर नेऊन घालणारे घोडे होते. याच काळात, १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. कामगाराला सुट्टी मिळायला इतके झगडावे लागले, तिथे घोड्याच्या सुट्टीचा विचार कोण करणार?

पण तोही विचार पुढे झाला, आणि तो कसा झाला हे ऐकण्याजोगे आहे. १९६० साली जनावरांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा कायदा झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या प्रयत्नाचे ते फळ. त्याखाली १९६५ साली ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी नियम आले. त्यांत लिहिले आहे की जनावराला दिवसात एकंदर ९ तासांहून जास्त जुंपू नये; विसावा न देता सलग ५ तासांहून जास्त चालवू नये; आणि जिथे उष्णता ३७ अंशांवर जाते तिथे दुपारी १२ ते ३ जुंपू नये. हे ९ तास आणि ५ तास आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा चमकलो. कारण हेच आकडे आम्हांला पाठ होते. १९४८ च्या कारखाने कायद्यात प्रौढ कामगाराला दिवसाचे ९ तास आणि विसाव्याआधी सलग फार तर ५ तास, असेच होते! म्हणजे घोडा आणि कामगार कागदावर शेजारी शेजारी येऊन बसले.

आणि घोड्याच्या मागे बसून लगाम धरणारा टांगेवाला? तो कोणत्याच कागदावर नव्हता. तो कारखान्यात नाही, म्हणून कामगार नाही. चारपायी नाही, म्हणून जनावरांच्या नियमातही नाही. पहाटेच्या गाडीपासून रात्रीच्या गाडीपर्यंत त्याचे किती तास भरतात, हे कोणी मोजले नाही. घोडा दुपारी सावलीला बांधला, तर त्या तीन तासांची कमाई बुडाली ती त्याची. कायद्याने जनावरावर दया केली हे योग्यच झाले. पण त्या दयेची किंमत एका गरिबाच्या खिशातून वसूल झाली, एवढे आमचे म्हणणे आहे.

नवापूरकरांना टांग्याचे वर्णन सांगायला नको. आपले स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावरचे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत. १ मे १९६० ला दोन राज्ये झाली आणि सीमा फलाटावरून गेली. टांग्याच्या घोड्याला त्याचे काय? त्याला गाडीची शिटी ओळखू येई. शिटी ऐकली की तोबऱ्यातले तोंड वर काढून तो कान टवकारी. घोडे घ्यायचे ते सारंगखेड्याच्या यात्रेत. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा हा घोडेबाजार दूरदूर प्रसिद्ध आहे. रुमालाखाली बोटे धरून भाव करायचे, दात पाहून वय ठरवायचे, अंगावरचे भोवरे पाहायचे, पंचकल्याणी असेल तर दोन पैसे जास्त मोजायचे. आता त्या बाजारात लाखांच्या किमतीचे, मिरवणुकीचे आणि शोभेचे घोडे येतात. टांग्यासाठी घोडा शोधणारा गरीब गिऱ्हाईक तिथून नाहीसा झाला.

आमच्या वडिलांचा टांगा होता. चंद्री नावाची घोडी होती. कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका, म्हणून चंद्री. ती यात्रेतूनच आणली होती, आणि आणताना कर्ज काढले होते. सांगायचा मुद्दा हा की टांगेवाल्याच्या घरात घोडीचे जेवण आधी होई. हरभऱ्याची चंदी भिजत पडली का, हे आई रोज रात्री पाही. आमच्या भाकरीचे पीठ आहे का, हे त्यानंतर. आम्ही मुले त्यावरून कधी कुरकुरलो नाही, कारण चंद्री उपाशी राहिली तर दुसऱ्या दिवशी आम्ही उपाशी राहणार, हे गणित आम्हांला शाळेच्या गणिताआधी येत होते. पण नुसते गणितच होते असेही नाही. वडील खरारा करताना तिच्याशी बोलत. दिवसभराचा हिशेब, कोणाशी झालेली बाचाबाची, सारे तिला सांगत. चेखव्ह या रशियन लेखकाची १८८६ ची एक कथा आहे. गाडीवानाचा मुलगा मेलेला असतो, गाडीत बसणाऱ्या एकाही माणसाला त्याचे दुःख ऐकायला सवड नसते, आणि शेवटी तो ते आपल्या घोडीला सांगतो. ती कथा आम्ही वाचली तेव्हा मनात आले, त्याला सांगायला घोडी तरी होती. घोडीच मेली तर त्याने कोणाला सांगायचे?

१९८५ च्या श्रावणात चंद्रीला पोटशूळ उठला. घोड्याच्या पोटाची घडण मोठी विचित्र आहे. जठर लहान, आतडे लांबलचक, आणि घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेले बाहेर पडायला पुढचाच रस्ता. तो अडला किंवा आतड्याला पीळ पडला की जनावर तडफडू लागते. खुराने जमीन उकरते, वळून वळून आपल्या कुशीकडे पाहते, घामाने न्हाते, लोळण घेते. हे लक्षण दिसताच दाणावैरण बंद करून डॉक्टरला गाठावे. घशात तेल किंवा काढा ओतू नये. तो फुप्फुसात उतरला तर दुसरेच मरण ओढवते. आमच्याकडे ही लक्षणे दिसली तेव्हा रात्र होती, पाऊस कोसळत होता, नाल्यांना पूर होते आणि डॉक्टर येणे शक्य नव्हते. वडिलांनी रात्रभर तिला लगामाने धरून अंगणात हळूहळू फिरवले. पहाटे ती बसली ती उठली नाही. पहाटेच्या गाडीची शिटी झाली. तिचा एक कान हलला. त्यानंतर काही वेळाने सारे संपले.

मंडळी, माणूस मेला तर काय करायचे हे समाजाने ठरवून ठेवले आहे. कोणी खांदा द्यायचा, कोणी मडके धरायचे, कोणी घरी पिठले-भाकरी पोचवायची, सारे ठरलेले आहे. घरचे जनावर मेले तर काय, हेही समाजाने ठरवलेले होते. पण ते आठवले की मान खाली जाते. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावाने एका समाजाच्या गळ्यात बांधले होते. ज्याने जन्मभर त्या बैलाची पाठ थोपटली, पोळ्याला त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवली, तो धनी बैल मेला की त्याला हात लावत नसे. हात लावायचा तो दुसऱ्याने, आणि हात लावला म्हणून वर तोच अस्पृश्य! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत मांस सोडण्याचा, ही हीनपणाची कामे टाकण्याचा उपदेश केला. १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला. तरी प्रश्न संपला नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर तिकडच्या अनेकांनी सांगितले, यापुढे तुमचे जनावर तुम्ही उचला. आमच्या मते मजुरांच्या इतिहासात याहून न्याय्य संप थोडेच झाले असतील.

आमच्या दारात त्या सकाळी हाच प्रश्न उभा राहिला. आळीतली जाणती मंडळी जमली. एकजण वडिलांना म्हणाले, "दादा, त्या वस्तीवर निरोप धाडा. येतील, ओढून नेतील. तुम्ही कशाला हात लावता?"

वडील फार बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "अकरा वर्षं तिनं आपल्याला ओढलं. आज एक दिवस आपण तिला ओढू."

एवढेच बोलून ते परसात गेले आणि कुदळ घेतली.

घोडे पुरणे हे हलके काम नव्हे. देशी घोडी झाली तरी तीनसाडेतीनशे किलो वजन. खड्डा आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि पुरुषभर तरी खोल हवा; नाही तर पावसाने माती खचते, कुत्री उकरतात. जागा विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर आणि उंचवट्यावर हवी. अंग ताठरण्याच्या आत पाय दुमडून घ्यावे लागतात, नाही तर खड्डा दुप्पट खणावा लागतो. त्या दिवशी वरची काळी माती चिखल झालेली आणि खाली मुरूम लागलेला. वडिलांनी एकट्याने हातभर खणले असेल. मग स्टँडवरचे दोन टांगेवाले आले, त्यांच्यापैकी एक मुसलमान. रस्त्यापलीकडचा मावची शेजारी पहार घेऊन आला. सकाळी सल्ला देणारे गृहस्थही थोडा वेळ ओट्यावर उभे राहिले, आणि मग धोतर खोचून खाली उतरले. दुपार टळेपर्यंत खणणे चालले. फळ्या घातल्या, दोर लावले, आणि सात जणांनी मिळून तिला ओढले. वडिलांनी तिचे नाल काढू दिले नाहीत. चुना पसरला, मीठ टाकले. घरातल्या प्रत्येकाने एक एक मूठ माती घातली. आईने तोबऱ्यात उरलेली चंदी खड्ड्यात ओतली.

आठ दिवसांनी सावकार आला. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तो काही एकच नव्हता. घोडी मेली होती, कर्ज जिवंत होते. टांगा विकून ते फेडले, आणि वडील दुसऱ्याच्या टांग्यावर दिवसाच्या ठरावाने बसू लागले. शिलेदाराचा बारगीर झाला! आम्ही पुढे संघटनेच्या कामात पडलो त्याची कारणे पुष्कळ आहेत. परंतु साधन गेले की माणूस एका आठवड्यात कुठून कुठे जातो, हे आम्हांला कोणी भाषणातून शिकवलेले नाही.

आता कोणी म्हणेल, हे सारे गेले, टांगे गेले, घोडे गेले, मग ही गोष्ट कशाला? खरे आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे ३ लाख ४० हजार भरले. सात वर्षांत जवळजवळ निम्मे! मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करण्यास सांगितले. घोड्यांचे हाल होत होते हे नाकारता येत नाही. पण घोड्यांबरोबर त्या गाड्यांवर पोट असणारी माणसेही होती, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न नेहमीप्रमाणे मागाहून आला.

शिवाय दारात जनावर मरणे काही थांबलेले नाही. घोड्याच्या जागी म्हैस असेल, बैल असेल, शेळी असेल. आपल्या नवापूरने तर मरणाचा असा एक हंगाम पाहिला आहे की त्याची बातमी जगभर गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्या गावी निघाला. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. ते करणे भाग होते. रोग माणसात शिरण्याचा धोका होता. भरपाईचा हिशेब पक्ष्यागणिक झाला. पण शेडमध्ये खाद्य घालणाऱ्या, अंडी वेचणाऱ्या मजुराच्या मालकीचा पक्षी एकही नव्हता. मग त्याची भरपाई कोणत्या रकान्यात मांडायची? टांगेवाला जसा दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडला, तसाच हा मजूर पडला. चंद्रीला पुरताना सात माणसे हळहळत होती. त्या लाखो कोंबड्यांसाठी हळहळायला कोणाला अवसर नव्हता, हे समजू शकते. पण त्यांच्यामागच्या माणसांसाठी तरी तो काढायला हवा होता.

म्हणून शेवटी तीन गोष्टी सांगतो. भावनेच्या नाहीत, व्यवहाराच्या आहेत.

पहिली. मेलेले जनावर नीट पुरा. पूर्वी गावाबाहेर टाकलेले जनावर गिधाडे एका दिवसात फस्त करीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडे मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आकाश रिकामे झाले होते. आज उघड्यावर टाकलेले जनावर म्हणजे कुत्र्यांचे टोळके आणि रोगराई. नगरपालिकेने त्यासाठी जागा राखावी, यंत्र द्यावे. आणि हे काम करणाऱ्याला हातमोजे, गमबूट आणि कामाचा पुरता दाम द्यावा. जात पाहून नव्हे.

दुसरी. पुरण्याआधी पशुवैद्याला बोलवा. घोड्यांत ग्लँडर्स नावाचा रोग असतो, तो माणसालाही होतो. तो निघाला तर २००९ च्या कायद्याने जनावर मारून पुरावे लागते, आणि भरपाईची तरतूद आहे. ती तरतूद आहे हेच पुष्कळांना माहीत नसते. डॉक्टरचा दाखला हातात नसेल तर विम्याचाही पैसा मिळत नाही. रडणे संध्याकाळी होईल. दाखला सकाळीच घ्यावा लागतो.

तिसरी. विमा उतरवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात दुरुस्ती केली. विम्याच्या हप्त्यात पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला, आणि घोडा, गाढव, खेचर, उंट पाळणाऱ्यांचाही विचार केला. ही गोष्ट आमच्या लहानपणी असती तर आमच्या घराची कथा वेगळी झाली असती. पण योजना कागदावर असून भागत नाही. ती गाढवावर माती वाहणाऱ्यापर्यंत, वरातीच्या घोड्यामागे चालणाऱ्या पोरापर्यंत कोण नेणार? एकेकटा माणूस कचेरीच्या दारावरून परत येतो. दहाजण मिळून गेले तर साहेब खुर्ची देतो. संघटना संघटना म्हणून आम्ही जे ओरडत असतो, त्याचा अर्थ इतकाच आहे.

मरण टाळणे कोणाच्या हाती नाही. पोटशूळ उद्याही उठेल आणि नाल्याला पूर उद्याही येईल. परंतु जनावर मेल्यावर त्याला ओढायचे कोणी, आणि ते मेल्यावर घर उभे राहील की कोसळेल, या दोन गोष्टी माणसांनी ठरवलेल्या आहेत. त्या माणसांना बदलता येतात. पहिली आमच्या वडिलांनी आपल्यापुरती बदलली. दुसरी एकट्याने बदलण्यासारखी नाही. ती आपण सर्वांनी मिळून बदलावी, एवढी विनंती करतो.